जाहिरात भिंतीवर, दुखणं पोटात

आजचा भाग घरात मोठ्यानं लावू नका, आधी हेडफोन शोधा. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे ही लिखित प्रत. बोलताना जिथे वाहवत गेले तिथे थोडं आवरलंय, बाकी जसंच्या तसं.

विषय आहे जडीबुटी आणि लैंगिक आरोग्य. अश्वगंधा, शिलाजित, मुसळी, शतावरी, अशोक ही सगळी मंडळी. तुमचे मेसेज बरेच दिवस साठले होते. त्यात एक गंमत दिसली. मुलगे सरळ विचारतात, "ताई, शिलाजित खरंच काम करतं का?" मुली विचारतात तेव्हा आजारी नेहमी मैत्रीणच असते. आणि प्रश्न 'काम करतं का' असा नसतो. "पांढरं जातंय, कंबर दुखते, आई म्हणते काढा घे, घेऊ का?" असा असतो.

मी डॉक्टर नाही, मी इतिहास वाचणारी बाई आहे. त्यामुळे कोणती गोळी घ्यावी हे मला विचारू नका. पण या दोन प्रकारच्या प्रश्नांमागे शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब आहे, तो मला मांडता येईल. थोडक्यात सांगायचं तर पुरुषाला नसलेला आजार विकला गेला आणि बाईचा असलेला आजार झाकला गेला. मुळ्या-साली दोन्हीकडे त्याच कपाटातल्या.

सुरुवात जुन्या ग्रंथापासून करू, कारण आजची प्रत्येक जाहिरात तिथूनच सुरू होते. "पाच हजार वर्षांचं ज्ञान" वगैरे. चरकसंहिता साधारण दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची, आणि तीही एका हातची नाही. आयुर्वेदाची आठ अंगं मानतात, त्यातलं एक वाजीकरण. वाजी म्हणजे घोडा. चरकाच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा वाजीकरणाचा, आणि ताप तिसऱ्यावर येतो. म्हणजे आजारांची यादी सुरू व्हायच्या आधीच हे प्रकरण संपतं. का? कारण ग्रंथकाराच्या लेखी वाजीकरण हे धडधाकट माणसासाठी आहे. संयमी माणसानं, आधी शरीरशुद्धी करून, मुख्यतः संतती व्हावी म्हणून करायची गोष्ट. मूल नसलेला माणूस म्हणजे सावली नसलेलं एकटं झाड, अशी उपमा तिथे येते.

आणि त्यात असतं काय? मला वाटलं होतं दुर्मीळ वनस्पतींची यादी असेल. वनस्पती आहेतच, पण पान उलटावं तर दूध, तूप, साखर, उडीद, तांदूळ, मांस, कोंबडीची आणि चिमणीची अंडी. निम्मं प्रकरण स्वयंपाकघरातलं वाटतं. ज्या काळात बहुतेकांना पोटभर मिळत नव्हतं, त्या काळात तुपातले उडीद खाऊन अंगात ताकद आली तर नवल काय? शिवाय सगळ्यात श्रेष्ठ वाजीकरण कुठलं, याचं उत्तर चरक देतो तेव्हा तो मुळीचं नाव घेत नाही. मनाला आवडणारी स्त्री, असं तो सांगतो. (स्त्रीला कोण आवडतं हे कुणी विचारलेलं नाही, तेही नोंदवून ठेवते.)

आता खरी महत्त्वाची जागा. त्याच चिकित्सास्थानाचा शेवटचा, तिसावा अध्याय. त्यात बायकांचे वीस योनिविकार आहेत, अंगावरून जाण्याचा प्रदर आहे, आणि त्याच अध्यायात पुरुषाचं क्लैब्य, म्हणजे आपण ज्याला नपुंसकत्व म्हणतो तेही आहे. एकाच छपराखाली. त्या क्लैब्याच्या कारणांत म्हातारपण आहे, अपुरा आहार आहे, आणि चिंता, शोक, भयसुद्धा आहे. भीतीनं हे दुखणं येतं, हे त्या लोकांना माहीत होतं. पुढे दीड हजार वर्षांनी नेमकी तीच भीती कारखान्यात तयार व्हायला लागली.

त्याला दोन गोष्टी जुळून आल्या. एक आपल्याकडची: सात धातूंची कल्पना. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा आणि शेवटी शुक्र. अन्नाचं सार गाळत गाळत शेवटी शुक्र तयार होतं, म्हणून ते मौल्यवान. लोकांनी त्याचा हिशेबच करून टाकला, की रक्ताच्या इतक्या थेंबांचा वीर्याचा एक थेंब. कुणी चाळीस सांगतं, कुणी शंभर. आधुनिक शरीरशास्त्रात याला काडीचा आधार नाही. दुसरी गोष्ट युरोपातून आली. सॅम्युएल टिसो नावाच्या स्विस डॉक्टरनं १७६० मध्ये हस्तमैथुनावर एक पुस्तक फ्रेंचमध्ये छापलं. त्यानं माणूस खंगतो, आंधळा होतो, वेडा होतो, असली भयंकर वर्णनं. ते पुस्तक युरोपभर गाजलं आणि पुढची दीडशे वर्षं तिकडचे डॉक्टर हेच बोलत राहिले. इंग्रजी शिक्षणाबरोबर ही भीती इकडे आली आणि आपल्या धातूच्या हिशेबाला घट्ट चिकटली. आता आजोबाही तेच सांगणार आणि इंग्रजी शिकलेला डॉक्टरही तेच सांगणार. कोवळ्या पोरानं जायचं कुठे?

तो जायचा पोस्टात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापखाने, वर्तमानपत्रं आणि टपाल ही तिन्ही स्वस्त झाली. वैद्यासमोर बसून, नाडी दाखवून, लाजत लाजत बोलायची गरज राहिली नाही. जाहिरात वाचा, पत्र टाका, व्ही.पी.नं डबी घरपोच. जामनगरच्या मणिशंकर गोविंदजींच्या 'आतंकनिग्रह' गोळ्या या धंद्यातलं सगळ्यात मोठं नाव. मुंबई इलाख्यातल्या वर्तमानपत्रांत त्यांच्या जाहिराती सर्रास दिसत, आणि 'कामशास्त्र' नावाचं पुस्तक ते लोकांना फुकट पाठवत. फुकट पुस्तक म्हणजे आजचा फ्री ई-बुक! आधी वाचकाला पटवायचं की तू आजारी आहेस, मग औषध विकायचं.

डग्लस हेन्स या इतिहासकारानं १९०० ते १९४५ या काळातल्या पश्चिम भारतातल्या अशा जाहिरातींवर अभ्यास केलाय. तो वाचताना एक बदल फार स्पष्ट दिसतो. सुरुवातीच्या जाहिराती तरुण पोरांना घाबरवतात: अशक्तपणा, स्वप्नात होणारा वीर्यपात, विस्मरण, गेलेलं पौरुष. नंतर, विशेषतः १९३० च्या दशकात, परदेशी कंपन्या बाजारात येतात आणि भाषा बदलते. आता सुखी संसार, हसतं जोडपं. ओकासा नावाच्या जर्मन गोळ्या घ्या. चंदेरी पुरुषांसाठी, सोनेरी बायकांसाठी. इथे मुळी गेली आणि ग्रंथी आल्या, हार्मोनचा जमाना आला. पण ग्राहकाला काय वाटायला हवं ते तेच राहिलं: तू कमी पडतोस.

या सगळ्या गदारोळात मुंबईत एक गणिताचा प्राध्यापक होता. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचा थोरला मुलगा, जन्म १८८२. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सनं तिचं केंद्र उघडलं, म्हणजे आपण काही मागे नव्हतो. या कामापायी कर्व्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. पत्नी मालतीबाई सोबत होत्या. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. खप बेताचा, खिसा कायम रिकामा. तुमच्यापैकी काहींनी अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' पाहिला असेल, किंवा अतुल पेठेंनी बसवलेलं 'समाजस्वास्थ्य' नाटक. नसेल तर बघा.

मला कर्व्यांमधलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर वाचकांचे प्रश्न. लोक त्यांना पत्रं लिहीत आणि ते मासिकात उत्तरं छापत. विचार करा, ज्या पोराकडे त्या दिवसांत डबीवाल्याला पत्र टाकण्यावाचून पर्याय नव्हता, त्याला आता दुसरा पत्ता मिळाला. आणि इथून डबी येत नव्हती, उत्तर येत होतं. वीर्य गेलं की शक्ती गेली, ब्रह्मचर्यानं तेज वाढतं, या समजुती कर्व्यांना साफ अमान्य होत्या, आणि ते फार कोरड्या, गणितवाल्या पद्धतीनं लिहीत. गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. कधी कधी वाचताना वाटतं, अहो थोडं तरी सांभाळून घ्या! पण घाबरलेल्या माणसाला कदाचित तोच कोरडेपणा बरा वाटत असेल. जाहिरात रडवते, हा माणूस फक्त सांगतो.

त्याची किंमत त्यांनी मोजली. १९३१ मध्ये व्यभिचारावरच्या लेखासाठी अश्लीलतेचा खटला झाला आणि शंभर रुपये दंड. १९३४ मध्ये दुसरा खटला, आणि तो चक्क वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून. हस्तमैथुन, समलिंगी संबंध असे प्रश्न होते आणि कर्व्यांनी त्यांना उत्तरं दिली होती, एवढाच गुन्हा. त्यांच्या बाजूनं वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक विचारतात म्हणून उत्तर दिलं, आणि लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यानं काही अश्लील होत नाही, अशी बाजू त्यांनी लावून धरली. खटला हरले. दंड दोनशे रुपये.

आता हे शेजारी शेजारी ठेवून बघा. त्याच वर्षांत, त्याच शहरात, वर्तमानपत्रं उघडली की पौरुष परत मिळवून देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती. त्या बिनदिक्कत छापल्या जात होत्या. 'तुला काही झालेलं नाही' असं सांगणारा मात्र कोर्टात उभा. अश्लीलतेचा कायदा ज्ञानाला लागला, धंद्याला नाही.

भीती इतकी खोल रुजली होती की पुढे ती डॉक्टरांच्या पुस्तकात गेली. स्कॉटिश मानसोपचारतज्ज्ञ मॉरिस कारस्टेअर्स यांना राजस्थानच्या खेड्यांत असे पुरुष भेटले, ज्यांची एकच तक्रार: जिरियान, म्हणजे धातू जातो आणि अंगात त्राण राहत नाही. त्यांनी १९५६ मध्ये यावर लिहिलं. मग १९६० मध्ये भारतीय मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी या दुखण्याला नाव दिलं, 'धात सिंड्रोम'. थकवा, भूक मंदावणं, झोप न लागणं, अपराधीपणा, आणि सगळ्याचं कारण एकच सांगायचं, की लघवीतून किंवा स्वप्नात धातू जातो. तपासलं तर बहुतेकदा शरीरात दोष नाही. मुळाशी चिंता किंवा नैराश्य. त्रास खरा, कारण खोटं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीच्या दहाव्या आवृत्तीतही धात सिंड्रोमची नोंद आहे. म्हणजे ज्या भीतीवर गोळ्या विकल्या गेल्या, तिला शेवटी स्वतःचा आजार म्हणून दर्जा मिळाला.

स्वप्नदोषाबद्दल विचारणाऱ्या माझ्या सगळ्या भावांना इथे थांबून सांगते: त्या शब्दात 'दोष' कुणीतरी घातलाय. वयात येताना ते होतंच. त्यावर औषध नाही, कारण तो आजार नाही.

बायकांकडे येऊ. इथे गोष्ट उलटी होते.

बायकांच्या औषधांत सगळ्यात मोठं नाव अशोकाचं. त्याची साल दुधात उकळून अंगावरून जाण्यावर देतात, आणि अशोकारिष्ट तर किती घरांत आजही आहे. पण आधी एक काम करा, खिडकीतून खाली बघा. तुमच्या सोसायटीच्या कंपाउंडला उंच, सरळ, झुलत्या पानांचं जे झाड आहे, ज्याला आपण सगळे अशोक म्हणतो, तो हा अशोक नाही. तो खोटा अशोक, त्याचं कुळ सीताफळाचं. खरा म्हणजे सीतेचा अशोक, रक्ताशोक. मध्यम उंचीचा, पसरट, खोडालाच नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ येतात. औषधी बाजारात खऱ्या सालीत खोट्याची भेसळ ही जुनी, नोंद झालेली तक्रार आहे. खऱ्याची साल काढायची तर झाड सोलावं लागतं आणि झाडं उरलीत थोडी. म्हणजे आजीचा काढा चांगला की वाईट हा वाद नंतरचा. बाटलीत आजीचाच अशोक आहे का, हा पहिला प्रश्न.

पण याहून मोठी गोष्ट गडचिरोलीत कळली. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. दवाखान्यात आलेल्या बायकांची नव्हे, गावातल्या बायकांची. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला. त्यातले ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. सरासरी काढली तर एकीला साडेतीनहून जास्त. आणि याआधी तपासणी-उपचार झालेल्या किती? आठ टक्के. शंभरातल्या बाकी ब्याण्णवजणींना कुणी कधी तपासलंच नव्हतं.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लोकलच्या रुळांलगतच्या भिंती आल्या. तुम्हीही पाहिल्या असतील. 'नामर्दी, स्वप्नदोष, शीघ्रपतन, शर्तिया इलाज', पिवळ्यावर लाल अक्षरं, स्टेशनामागून स्टेशन. मैलोन्‌मैल भिंत पुरुषाच्या न झालेल्या आजारासाठी. बाईच्या झालेल्या आजाराला भिंत नाही, शब्द नाही. आई मुलीला सांगते तेव्हा 'अंगावरून जातंय', 'धुपणी आहे', 'खालचं दुखणं', असं अर्धं बोलून गप्प. राणीताईंनी या बायकांचे शब्द, समजुती, औषधं फार कान देऊन ऐकली. त्यांचं 'कानोसा' त्यावरच आहे, आणि 'गोईण' या पुस्तकात तिथल्या बायकांचं झाडांशी असलेलं नातं आहे. गोईण म्हणजे मैत्रीण. हे मुद्दाम सांगते, कारण जडीबुटी वापरणाऱ्या बाईला अडाणी ठरवणं फार सोपं असतं. तिच्याजवळ झाडपाला होता, तपासणारं कुणी नव्हतं. तिनं जे हाताशी होतं ते वापरलं.

गोष्ट एवढीच असती तर सोपी होती, पण गोव्यातल्या अभ्यासानं तिला आणखी एक पदर जोडला. तिथे विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी सुमारे अडीच हजार बायकांचा अभ्यास केला. पांढरं जाण्याची तक्रार कोणाला असते? जंतुसंसर्गाशी तिचा संबंध कमजोर निघाला. मनावरचा ताण, थकवा, घरातले त्रास यांच्याशी जास्त. म्हणजे काही बायका पांढऱ्याबद्दल बोलत होत्या तेव्हा त्या खरं तर आयुष्याबद्दल बोलत होत्या. पुरुष 'धातू जातो' म्हणतो तसंच काहीसं. फरक इतकाच की त्याच्या शब्दावर बाजार उभा राहिला आणि तिला सांगितलं गेलं, 'बायकांचं असंच असतं'. दोघींना, म्हणजे जंतुसंसर्ग असलेलीला आणि ताणानं पिचलेलीला, काढा एकच मिळतो. आणि कुणाला काय झालंय ते न तपासता कळत नाही.

न तपासण्याची किंमत किती असू शकते, तेही मराठवाड्यातच मोजलं गेलंय. उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव जिल्हा. तिथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा प्रयोग झाला, २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गटाला एचपीव्हीची एकच चाचणी देऊ केली होती त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एकदाच केलेली चाचणी! पाळी गेल्यावर रक्त दिसलं, संबंधानंतर रक्त गेलं, दोन पाळ्यांच्या मध्ये जातंय, अशा वेळी अशोकारिष्टाची बाटली संपेपर्यंत थांबणं हा जिवाशी खेळ आहे. इथे मी शब्द मऊ करणार नाही.

कायद्याकडे जाऊ. स्वातंत्र्यानंतर सरकारला या जाहिरातींचा बंदोबस्त करावासा वाटला आणि १९५४ मध्ये औषधे व चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा आला. लैंगिक सुखाची क्षमता वाढवणाऱ्या औषधाची जाहिरात बंद. पाळीच्या तक्रारी दुरुस्त करणाऱ्या औषधाची बंद. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद. चांगलंच झालं. पण त्याच कलमात आणखी एक गोष्ट बसवली होती: बायकांच्या गर्भनिरोधक औषधांची जाहिरातही बंद! कर्वे १४ ऑक्टोबर १९५३ ला गेले. सहा-सात महिने आणखी जगले असते तर हे वाचून त्यांनी काय लिहिलं असतं याची मला फार उत्सुकता आहे. भोंदूची डबी आणि संततिनियमनाचं औषध कायद्यानं एकाच पोत्यात घातलं.

या कायद्याविरुद्ध दिल्लीचा हमदर्द दवाखाना सुप्रीम कोर्टात गेला. हो, रूह अफजावाले. जाहिरात म्हणजे भाषणस्वातंत्र्य, असा त्यांचा मुद्दा. डिसेंबर १९५९ मध्ये निकाल लागला. कायद्याचा काही भाग कोर्टानं रद्द केला, पण मूळ मुद्दा मानला नाही: अशी जाहिरात हा धंद्याचा भाग आहे, ते विचार मांडण्याचं स्वातंत्र्य नव्हे. कायदा आजही आहे. मग भिंती कशा रंगतात? एक तर अंमलबजावणी ढिली. दुसरं, नोंदणीकृत डॉक्टर-वैद्याला आपल्या जागेवर पाटी लावायची मुभा कायद्यातच आहे. आणि तिसरं म्हणजे भाषा शहाणी झाली. नपुंसकत्व हा शब्द गेला. जोश, ताकद, स्टॅमिना, 'वेलनेस' आले. रीलमधला पिळदार मुलगा चमच्यावर शिलाजित ओढतो तेव्हा तो आजाराचं नावच घेत नाही. बाकी पद्धत आतंकनिग्रहवाल्यांचीच.

मग या मुळ्यांत काहीच नाही का? असं नाही, आणि तसं म्हणणं आळशीपणाचं होईल. अश्वगंधेवर ताण, झोप, शुक्रजंतू यांबद्दल काही छोटे अभ्यास आहेत, थोडे आशादायक. पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, आणि २०२३ मध्ये डेन्मार्कनं तिच्यावर बंदी घातली. कवचबीज म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांत एल-डोपा असतं, जे पार्किन्सनच्या रुग्णांना औषध म्हणून देतात. म्हणजे ती मुळीच निरुपद्रवी नाही. असर आहे म्हणूनच जपून.

सफेद मुसळीची गंमत सांगायचीच राहिली होती. तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम. बोरिवली! सेंट झेवियर्सचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि नाव बोरिवलीवरून ठेवलं. 'इंडियन व्हायग्रा' म्हणून जी जगभर विकली जाते, ती आपल्या नॅशनल पार्कच्या गावाची. तिची कोवळी पानं पहिल्या पावसानंतर फोडशी किंवा कुलूची भाजी म्हणून बाजारात येतात. कांदा घालून छान लागते. पानं खुडली तर रोप पुन्हा येतं, कंद खणला की संपलं. मागणी वाढली तसं जंगलातून खणणंही वाढलं.

सगळ्यात गंभीर गोष्ट मात्र मुळीची नाही, मुळीच्या नावाखाली काय असतं त्याची आहे. सिल्डेनाफिल, म्हणजे ती प्रसिद्ध निळी गोळी, मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. पहिल्यांदाच अशी गोळी आली की जी मोजून दाखवता येईल असं काम करते. मग 'शंभर टक्के आयुर्वेदिक' डब्यांतही अचानक असर यायला लागला. कसा? तेच सिल्डेनाफिल कुटून आत घातलेलं. अमेरिकी औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात असे ७७६ भेसळयुक्त 'पूरक' सापडले, त्यातले ३५३ लैंगिक ताकदीचे. आता एक काका घ्या. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवतात. निळी गोळी घ्यायची नाही, हे डॉक्टरनं सांगितलंय, म्हणून बिचारे 'नैसर्गिक' डबी आणतात. ही दोन औषधं एकत्र आली की रक्तदाब इतका कोसळतो की जीव जाऊ शकतो. आणि ताठरता येत नाही ही तक्रार कित्येकदा मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली चाहूल असते. डबीनं ती चाहूल दाबली, तर पुढचा निरोप थेट आयसीयूतून येतो.

शेवटी पत्ते, कारण कर्व्यांसारखा दुसरा पत्ता प्रत्येकाला हवा. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. पाळी, स्वप्न, शरीर, मन, काहीही विचारता येतं. मोठ्यांसाठी जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत सुरक्षा क्लिनिक असतं. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषध फुकट मिळतं आणि गुप्तता पाळली जाते. लक्षणानुसार औषधांची रंगीत पाकिटं ठरवलेली आहेत, अशिक्षित माणसालाही ओळखता यावीत अशी. पांढरं जाण्यासाठीचं पाकीट हिरवं. ओटीपोटात दुखण्यासाठीचं पिवळं.